आडवं इंजिन उभं बसवल्यावर कुलंटचे पाइप आणि सेन्सर कुठे ठेवायचे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. जुन्या पेट्रोल जिप्सीत तुम्ही स्विफ्टचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन बसवलंय. स्विफ्टमध्ये आडवं बसणारं हे इंजिन जिप्सीत उभं झालं, म्हणजे त्याची लांबी गाडीच्या लांबीच्या दिशेने आली. वरचा पाइप फायरवॉलजवळून (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याजवळून) निघतो, कमान करून व्हॉल्व्ह कव्हरवरून जातो आणि पुढे रेडिएटरला उतरतो. तापमानाच्या काट्याचा सेन्सर या कमानीच्या माथ्यावरच टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बसवलाय. हीटर काढलाय आणि त्याच्या दोन्ही पाइपांची तोंडं बोल्ट कोंबून बंद केलीत. एक प्रेशर कॅप रेडिएटरवर आहे, दुसरी वेगळ्याच गाडीच्या कुलंटच्या बाटलीवर. ठाण्यात घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर गाड्यांच्या रांगेत अडकलं की बाटली उकळते, काटा मात्र निम्म्याच्या खाली असतो. मध्येच तो आणखी खाली पडतो आणि मग एकदम लाल पट्ट्यात जातो. रेडिएटरवाल्याने थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढायला लावला, आता तो जाड कोअरचा रेडिएटर घ्या म्हणतोय. तुम्ही विचारताय, रेडिएटर मोठा करू का, आणि पाइप व सेन्सर नेमके कुठून न्यायचे?

रेडिएटरवर अजून एक रुपयाही घालू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून गाडीने हवा धरली आहे, आणि काट्याचा सेन्सर नेमका त्या हवेत बसला आहे. पाणी धातूला उष्णता जितकी पटकन देतं, तितकी हवा देत नाही. म्हणून हवेच्या खिशात बसलेला सेन्सर कमी तापमान दाखवतो. इंजिन जितकं उकळतं तितका तो खिसा मोठा होतो आणि काटा तितका खाली पडतो. मग उकळत्या पाण्याचा लोंढा येऊन सेन्सरला लागला की काटा उडी मारतो. तुमचा काटा बिघडलेला नाही. तो जिथे बसलाय तिथलंच सांगतोय, फक्त ती जागा इंजिनाची खबर देणारी नाही.

एक शक्यता मात्र आधी बाद करा. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधलं पॅकिंग) गेलं असेल तरी सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आणि अशीच लक्षणं दिसतात. सकाळी थंड गाडी सुरू करा. मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर संशय घ्यायला जागा आहे, कारण एवढ्यात पाणी तापून दाब वाढत नाही. बाटलीच्या तोंडावर धरून रसायनाचा रंग बदलतो का ते बघायचं टेस्टर चांगल्या गॅरेजमध्ये असतं, तेही लावून घ्या. या इंजिनाने दोन-तीनदा उकळी खाल्ली आहे, त्यामुळे ही चाचणी टाळू नका. गॅस्केट शाबूत असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

इंजिन बदलताना बहुतेक जण माउंटिंग, गिअरबॉक्सचा ॲडॅप्टर आणि वायरिंग यांवर महिनोन्महिने विचार करतात, आणि पाण्याचे पाइप शेवटच्या आठवड्यात जिथे जागा मिळेल तिथून ओढतात. मी कामाचा क्रम उलटा धरतो. इंजिन माउंटवर बसलं, बॉनेट बंद होतंय एवढी खात्री झाली, की पहिलं काम म्हणजे उंची मोजणं. गाडी सपाट जमिनीवर उभी करायची. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी जशी लेव्हल काढतात, तशी पाच ठिकाणांची उंची एका पुठ्ठ्यावर खडूने मांडायची: हेडमधली पाण्याची सर्वांत वरची जागा, थर्मोस्टॅटचं तोंड, रेडिएटरची वरची टाकी, पंपाचं तोंड आणि बाटली जिथे बसू शकेल ती जागा. हवा नेहमी वर जाते आणि पंप पाणी ओढतो, हे दोनच नियम पुठ्ठ्यावर लावून बघा. हवा कुठे अडकेल आणि सेन्सर कुठे आंधळा होईल, हे एकही पाइप कापायच्या आधी दिसतं. हवेची वाट आणि सेन्सरची जागा आधी पक्की करायची, होजची वळणं त्यानंतर. या एका गोष्टीवर मी अडून बसतो, कारण पाइप वेल्ड होऊन रंगवले गेले की ते कापायला कुणाचंही मन होत नाही.

तुमच्या इंजिनाची अडचण अशी आहे. थर्मोस्टॅटचं घर हेडच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला आहे. स्विफ्टमध्ये ते टोक बाजूला येतं, त्यामुळे रेडिएटरपर्यंतचा पाइप आखूड आणि सरळ असतो. इंजिन उभं केलं की तेच टोक फायरवॉलला भिडतं आणि पाण्याला इंजिनाची पूर्ण लांबी पार करून पुढे यावं लागतं. व्हॉल्व्ह कव्हरवरून जाणं सोपं वाटतं, कारण तिथे मोकळी जागा दिसते. पण मग पाइपाचा माथा हेडपेक्षाही वर जातो आणि संपूर्ण गाडीतली हवा तिथे येऊन बसते. माथ्याला हवा सोडणारी नळी नसेल तर ती हवा तिथून हलत नाही.

उपाय दोन आहेत. मला पहिला जास्त आवडतो. पाइप इंजिनाच्या बाजूने, एक्झॉस्टच्या उलट्या अंगाने, हेडच्या वरच्या पातळीच्या खालून पुढे न्यायचा. त्यासाठी थर्मोस्टॅटचं आउटलेट बसकं करून बाजूला वळवावं लागेल. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-तुर्भे पट्ट्यात ॲल्युमिनियमची टिग वेल्डिंग करणारे कारागीर आहेत, त्यांना मूळ आउटलेट कापून कोन बदलून देता येतो. वेल्डिंगनंतर फ्लँज, म्हणजे जोडाची सपाट बाजू, लेथवर किंवा सरफेस प्लेटवर सपाट करून घ्यायचाच. उष्णतेने तो वाकडा होतो आणि मग कितीही पॅकिंग लावलं तरी गळतो. पाइप खाली नेल्यावर सर्वांत उंच जागा थर्मोस्टॅटच्या घराचा माथा ठरते, आणि तिथून हवेची नळी काढणं सोपं जातं.

दुसरा उपाय म्हणजे कमान आहे तशी ठेवायची, पण तिच्या माथ्यावरून ६ मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी काढून बाटलीत सोडायची. ही नळी माथ्यापासून बाटलीपर्यंत सतत चढती हवी. मध्ये एकदा जरी खाली लोंबली तरी त्या झोळात पाणी साठतं आणि हवेची वाट बंद होते. नळीच्या तोंडाशी २ ते ३ मिलिमीटरचं भोक ठेवलेली आडकाठी घाला. हवा तेवढ्यातून सहज जाते, पण रेडिएटरला वळसा घालून बाटलीतून गरम पाणी फारसं फिरत नाही. रेडिएटरच्या वरच्या टाकीलाही अशीच नळी लावा. दोन नळ्या एकत्र जोडून एकच नळी बाटलीत नेऊ नका. एकीतल्या दाबाने दुसरीतली हवा परत ढकलली जाते.

आता बाटली. बाजारात दोन प्रकारच्या मिळतात आणि बहुतेक घोळ त्यांची सरमिसळ झाल्याने होतो. पहिली साधी, बिनदाबाची. कॅप रेडिएटरवर असते, पाणी फुगलं की कॅपमधून बाटलीत येतं आणि गाडी थंड झाली की परत ओढलं जातं. ही कुठेही बसवली तरी चालते, फक्त नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं हवं. दुसरी दाबाची, जिच्यावरच प्रेशर कॅप असते आणि जिच्यातून पाणी सतत थोडंथोडं फिरतं. हिची जागा सगळ्यांत उंच. तुमच्याकडे बाटली दुसऱ्या जातीची आहे आणि रेडिएटरवर पहिल्या पद्धतीची कॅपही आहे. दोन कॅप असल्या की ज्या कॅपचा स्प्रिंग कमजोर, ती आधी उघडते, आणि ती कुठे उघडेल यावर तुमचा ताबा राहत नाही. दाबाची कॅप संपूर्ण गाडीत एकच, आणि ती सर्वांत उंच जागी. तुमच्यासारख्या गाडीत मी बाटलीवरची कॅप ठेवतो आणि रेडिएटरवर बिनस्प्रिंगचं सपाट झाकण लावतो.

कॅपवर ०.९ किंवा १.१ लिहिलेलं असतं, तो बारमधला दाब. ठाण्यात समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशाला उकळतं. ०.९ बारची कॅप धरून असेल तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि निम्मं कुलंट घातलं तर त्याहून काही अंश वर. म्हणजे दाब टिकला तर तुमच्या हाताशी मोठी सवड आहे. कॅपचं रबर कडक झालं असेल तर ती सगळी सवड गेली. कॅप स्वस्त आहे. जुनी वापरू नका, आणि मूळ इंजिनाला जेवढ्या बारची कॅप होती त्याहून जास्तीची लावू नका, नाहीतर प्लॅस्टिकची टाकी आधी फुटेल.

बाटलीची तळरेषा हेडमधल्या पाण्याच्या सर्वोच्च जागेपेक्षा वर हवी. जिप्सीत बॉनेट बसकं आहे, त्यामुळे जागा एकच उरते: फायरवॉलचा वरचा कोपरा, बॉनेटच्या बिजागरीजवळ. तिथे बसत नसेल तर बाटली बदला, जागा बदलू नका. पाणी २० अंशांवरून ९५ वर गेलं की साधारण ४ टक्के फुगतं, कुलंट मिसळलेलं त्याहून थोडं जास्त. सहा लिटरच्या गाडीत हे पाव लिटरच्या वर जातं. त्यामुळे बाटलीत भरलेल्या पातळीच्या वर अर्धा लिटर तरी मोकळी हवा ठेवा. काठोकाठ भरलेली बाटली पाणी बाहेर फेकते आणि लोक त्याला उकळणं समजतात.

बाटलीच्या बुडातून निघणारी जाड नळी, १६ ते १९ मिलिमीटरची, पंपाच्या सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या तोंडाला, जोडायची. ही जोडणी बरेच जण विसरतात किंवा सोयीने रेडिएटरच्या कुठल्याही तोंडाला लावतात. पंप ओढतो तिथे दाब गाडीतला सर्वांत कमी असतो, आणि गरम पाणी कमी दाबात पंपाच्या पात्यांवरच वाफ होतं. मग पंप पाणी ढकलत नाही, नुसता फेस घुसळतो. बाटलीतलं पाणी वरून त्या तोंडावर उभं राहिलं की तिथला दाब टिकतो. त्याच कारणाने खालचा होज, म्हणजे रेडिएटरकडून पंपाकडे जाणारा, मऊ असता कामा नये. रेव्ह दिल्यावर तो आत चपटा होताना दिसला तर आत स्टीलची स्प्रिंग असलेला होज घ्या, किंवा लांब सरळ भाग धातूच्या पाइपाचा करा. पाइपाचा आतला व्यास पंपाच्या तोंडापेक्षा कुठेही कमी होऊ देऊ नका. वाळू न भरता किंवा साध्या बेंडरवर वाकवलेला पाइप कोपऱ्यात चपटा होतो. मँड्रेलवर, म्हणजे आतून आधार देऊन, वाकवलेले तयार तुकडे कुर्ल्यात मिळतात, ते जोडून घ्या.

हीटरबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचंय. ठाण्यात हीटर लागत नाही, हे खरं. म्हणून पाइपांची तोंडं बंद करायची, हे बरोबर नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरतं ते बायपासमधून (रेडिएटर टाळून पंपाकडे परतणाऱ्या वाटेने) आणि हीटरच्या वाटेने. ती वाट बंद केली की हेडच्या मागच्या भागात पाणी तुंबतं. तिथे उकळी फुटते, पण थर्मोस्टॅटच्या मेणाच्या गोळीपर्यंत गरम पाणी वेळेत पोचत नाही. थर्मोस्टॅट उशिरा, झटक्यात उघडतो आणि तापमान वर-खाली हेलकावे खातं. हीटर नको असेल तर जाणारं आणि येणारं तोंड एकमेकांना होजने जोडा. एवढंच. बोल्ट आजच काढून टाका.

थर्मोस्टॅट परत लावा. तो काढल्याने गाडी थंड राहते, ही समजूत कार्बुरेटरच्या जमान्यापासून चालत आलेली आहे. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झाकणं असतात. वरचं रेडिएटरची वाट उघडतं, तेव्हा खालचं बायपास बंद करतं. थर्मोस्टॅटच काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो, आणि गरम पाणी रेडिएटरला न जाता तसंच पंपात परत येतं. गाडी मोकळ्या रस्त्यावर थंड आणि चढावर गरम, ही तक्रार अशा गाड्यांत ठरलेली. तुमच्यासारख्या कॉमन रेल डिझेल इंजिनाचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, थंड इंजिन समजून डिझेलची मात्राही चुकीची देत राहतो, ते वेगळंच. बसवताना थर्मोस्टॅटवरचं छोटं हलतं टाचणीसारखं बटण वरच्या बाजूला यायला हवं, कारण हवा तिथून सुटते.

पाइपांच्या कामात थोडक्यात सांगण्यासारखं एवढं. धातूच्या पाइपाच्या टोकाला कडा उठवलेली हवी, नुसत्या गुळगुळीत टोकावर क्लिप कितीही आवळली तरी दाबाने होज निसटतो. कडेच्या मागे होज २५ ते ३० मिलिमीटर चढवा आणि क्लिप कडेच्या मागे बसवा, कडेवर नाही. होज ईपीडीएमचा, म्हणजे नेहमीच्या काळ्या रबराचा, चांगला. रंगीत सिलिकॉन होज दिसायला छान, उष्णता सोसणारा, पण तेलाचे किंवा डिझेलचे थेंब पडत राहिले तर दोन्ही मऊ होऊन फाटतात. धातूचा पाइप एकतर इंजिनाला बांधा किंवा बॉडीला. दोन्हींना बांधलात तर माउंटवर हलणारं इंजिन पाइपाच्या वेल्डिंगला तडा पाडेल. बांधलेल्या दोन भागांच्या मध्ये किमान एक हातभर नसला तरी वितीएवढा मोकळा होज हवाच. एक्झॉस्टपासून ५० मिलिमीटर अंतर ठेवा, तेवढं नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल. पंख्याच्या पट्ट्यापासून लांब.

आता सेन्सर. इथे घाई करू नका.

पहिला सेन्सर ईसीयूचा. तो इंजिन बनवणाऱ्याने जिथे ठेवलाय तिथेच राहू द्या, म्हणजे थर्मोस्टॅटच्या घरात, थर्मोस्टॅटच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला. त्याची जागा हलवायची नाही आणि त्याच्या तारेला काट्याची तार जोडायची नाही. ईसीयू त्या सेन्सरला ५ व्होल्ट देऊन त्याचा रोध (रेझिस्टन्स) मोजतो. हा रोध तापमान वाढलं की घटतो. बॉशच्या नेहमीच्या सेन्सरचा तो २० अंशांना अडीच हजार ओहम असतो आणि १०० अंशांना दोनशेच्याही खाली. मध्ये काटा जोडला की मोजमाप बिघडतं आणि ईसीयूला इंजिन आहे त्याहून वेगळंच गरम वाटतं. काट्याला स्वतःचा सेन्सर द्या.

काट्याचा सेन्सर कुठे? हेडमधून पाणी बाहेर पडतं त्या जागी, थर्मोस्टॅटच्या अलीकडे, जिथे पाणी नेहमी वाहतं आणि नेहमी भरलेलं असतं. थर्मोस्टॅटच्या पलीकडे वरच्या होजमध्ये बसवला, तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तो थंडच दाखवणार. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन आत उकळत असताना काटा खाली असेल, म्हणजे ज्या दिवशी त्याची गरज आहे त्याच दिवशी तो उपयोगाचा नाही. थर्मोस्टॅटच्या घरात जाड भिंत सापडली तर तिथे बॉस, म्हणजे सेन्सर बसवायला जाड धातूचा तुकडा, वेल्ड करून आटे पाडून घ्या. बॉस वरून न लावता बाजूने लावा, म्हणजे थोडी हवा आली तरी टोक पाण्यात राहील.

सेन्सरचं टोक प्रवाहात घुसलेलं हवं. पितळी टी आणि रिड्यूसर जोडत गेलं की सेन्सर मागे सरकतो आणि टोक एका बंद कोनाड्यात राहतं, जिथलं पाणी हलतच नाही. अशा जागेचं वाचन मागे पडतं, चढावर तर फारच. बॉसची उंची इतकीच ठेवा की सेन्सरचं टोक पाइपाच्या आतल्या भिंतीपासून निदान १० मिलिमीटर आत येईल.

आट्यांची खात्री करा. इथल्या बाजारात १/८ एनपीटी आणि १/८ बीएसपी अशा दोन वेगळ्या आट्यांचे सेन्सर एकाच डब्यात मिळतात. नुसत्या नजरेला ते सारखेच दिसतात, पण एकात इंचाला २७ आटे आहेत आणि दुसऱ्यात २८, कोनही ६० आणि ५५ अंश. दोन-तीन फेरे सहज बसतात, मग अडकतं, आणि ताकद लावली की ॲल्युमिनियमचे आटे जातात. थ्रेड गेज, म्हणजे आटे मोजायचं साधन, स्वस्तात येतो. त्याच्याशिवाय टॅप हातात घेऊ नका. एका तारेचा सेन्सर असेल तर त्याची अर्थिंग आट्यांतूनच जाते, म्हणून टेफ्लॉनच्या पट्टीचे थरावर थर गुंडाळू नका. बसवून झाल्यावर मल्टिमीटरने सेन्सरची बॉडी आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात रोध जवळपास शून्य येतो का ते बघा. होजच्या मध्ये बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात सेन्सर लावला असेल, तर दोन्हीकडे रबर असल्याने अर्थिंग तुटते. तिथे वेगळी तार द्यावीच लागते.

सेन्सर आणि काटा जोडीनेच घ्या. जिप्सीचा काटा आणि दुसऱ्या गाडीचा सेन्सर जुळेलच असं नाही, कारण प्रत्येकाचा रोधाचा आलेख निराळा. जोडी तपासायला स्टोव्हवर पातेलं पुरतं. सेन्सर तारेने टांगून पाण्यात बुडवा, बुडाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा आणि ६०, ८०, १०० अंशांना काटा कुठे येतो ते काचेवर मार्करने खूण करून ठेवा. या खुणा कंपनीच्या डायलवरच्या पट्ट्यांपेक्षा जास्त कामाच्या.

आणि आता ज्या दोन सेन्सरांसाठी मी प्रत्येकाला आग्रह करतो ते. तापमानाचा सेन्सर पाण्यात असेल तरच काम करतो, पाणीच गेलं तर तो गप्प. होज फुटला की पाणी अर्ध्या मिनिटात रस्त्यावर असतं, काटा हळूहळू खाली येतो, चालवणाऱ्याला वाटतं गाडी थंड झाली, आणि हेड वाकतं. म्हणून बाटलीत पातळीचा सेन्सर लावा. फ्लोट असलेली बाटली पुष्कळ गाड्यांना येते, तीच घ्या. दुसरा, हेडच्या धातूवर के-टाइप थर्मोकपल, म्हणजे धातूचंच तापमान मोजणारा तारेचा सेन्सर. अंगठीसारख्या टोकाचा मिळतो. हेडमध्येच घुसणाऱ्या एखाद्या ब्रॅकेटच्या छोट्या बोल्टखाली तो दाबायचा. हेड बोल्टखाली चुकूनही नाही, त्याने बोल्टचा ताण बदलतो. पाणी असो वा नसो, धातू किती तापलाय ते हा सांगतो. गाडी नीट चालत असताना चढावर तो किती दाखवतो ते लिहून ठेवा आणि त्याच्या १५ अंश वर बझर लावा. लॅमिंग्टन रोडला थर्मोकपलचं डिजिटल मीटर आणि बझर दोन्ही मिळतात. हौस असेल तर बाटलीच्या वरच्या नळीत दाबाचा सेन्सरही लावता येतो. गरम गाडीत दाब शून्यावर आला, तर कुठेतरी फुटलंय हे तापमान वाढायच्या आधी कळतं.

पंख्याचा स्विच वेगळा विषय आहे. ईसीयूला पंखा चालवण्याची तार असेल तर तीच वापरा, रिले आणि फ्यूज घालून. स्वतंत्र स्विच लावायचा असेल तर रेडिएटरच्या आउटलेटकडे बसवणं मला पटतं, कारण तिथलं पाणी सांगतं की रेडिएटरचं काम पुरेसं होतंय की नाही. पण तिथलं पाणी इंजिनाच्या पाण्यापेक्षा काही अंशांनी थंड असतं, म्हणून स्विच कमी अंशांचा घ्यावा लागतो. आउटलेटला ९५ चा स्विच लावला तर इंजिन त्याच्याही वर गेलेलं असतं. पंख्याला शराउड, म्हणजे रेडिएटरची सगळी हवा पंख्याकडे वळवणारं आवरण, हवं. शराउडशिवाय पंखा रेडिएटरच्या फक्त आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो, आणि गायमुखसारख्या ठिकाणी, जिथे गाडी उभ्याउभ्या तापते, फरक तिथेच पडतो.

वायरिंगबद्दल एक स्थानिक गोष्ट. खाडीच्या हवेने इथे कनेक्टरमधल्या पिना हिरव्या पडतात. पिन हिरवी पडली की रोध वाढतो, आणि रोध वाढला की ईसीयूला इंजिन थंड वाटतं. कनेक्टर रबराचं सील असलेलाच घ्या आणि त्याचं तोंड खाली किंवा बाजूला ठेवा. तार कनेक्टरमध्ये शिरण्याआधी खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तारेवरून ओघळून आत न जाता झोलाच्या बुडाशी गळून पडेल. ईसीयूच्या सेन्सरची अर्थ ईसीयूच्या सेन्सर-अर्थलाच जोडा, पंख्याच्या किंवा स्टार्टरच्या अर्थला नाही.

सगळं बसलं की इंजिन सुरू करायच्या आधी हातपंपाने दाब द्या, कॅपवर लिहिलाय तेवढाच, आणि पंधरा मिनिटं काटा धरून राहतो का बघा. गळती इथे सापडली तर फडक्याने पुसून काम भागतं. मग गाडीचं नाक उंच करा. पुढची चाकं रॅम्पवर चढवा. पाणी डिमिनरलाइज्ड घ्या, बोअरवेलचं नको, क्षार ॲल्युमिनियमच्या वाटांत बसतात. हळूहळू भरा, होज दाबत राहा. इंजिन १५०० च्या आसपास ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबा, म्हणजे रेडिएटरचा खालचा होज गरम होईपर्यंत. पातळी पडेल, परत भरा. दुसऱ्या दिवशी थंड गाडीत पुन्हा बघा.

मग मोजा. रेडिएटरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या धातूच्या तोंडांवर काळी चिकटपट्टी लावून त्यावर इन्फ्रारेड मीटर धरा. चकचकीत ॲल्युमिनियमवर ते मीटर खोटं कमी दाखवतं, म्हणून पट्टी. तुमच्या इंजिनाची ताकद ५५ किलोवॅट. पूर्ण जोरात असताना त्याच्या निम्म्याच्या आसपास उष्णता पाण्यात जाते असं धरा, म्हणजे तीसेक किलोवॅट. पंप मिनिटाला ६० लिटर फिरवत असेल तर आत आणि बाहेर ७-८ अंशांचा फरक यायला हवा. चढावर थांबून लगेच मोजलं आणि फरक २० अंश निघाला, तर पाणी कमी फिरतंय: हवा, चपटा होज किंवा अरुंद पाइप शोधा. फरक अगदी थोडा आणि दोन्ही बाजू गरम, तर पाणी फिरतंय पण हवा पुरत नाही: पंखा, शराउड, समोर बसवलेला इंटरकूलर बघा. रेडिएटर मोठा करायचा निर्णय या दोन आकड्यांनंतरचा.

एक सरकारी काम राहिलं. इंजिन नंबर आणि इंधनाचा प्रकार आरसीवर असतो. ही गाडी रस्त्यावर येणार असेल तर ठाण्याच्या किंवा वाशीच्या, जिथे तिची नोंद आहे त्या आरटीओत लेखी परवानगीचं विचारून घ्या, आणि विमा कंपनीलाही कळवा. हे आधी करायचं असतं. पण तुमचं इंजिन बसलेलंच आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यातच जाऊन या.

परवानगीचं होईपर्यंत गाडी गॅरेजमध्येच राहील, तोवर बोल्ट काढून हीटरची तोंडं जोडा, थर्मोस्टॅट लावा, रेडिएटरची स्प्रिंगची कॅप बदला आणि कमानीच्या माथ्यावरून बाटलीत नळी सोडा. एवढ्यासाठी पाइप कापावा लागत नाही. उभ्या गाडीत थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून पातळी बघा, मग बाजूने पाइप न्यायचा की नाही ते ठरवा. फोटो पाठवाल तेव्हा समोरून काढलेला एक आणि बाजूने, हेडच्या उंचीवर कॅमेरा धरून काढलेला एक, असे दोन पाठवा. बाजूच्या फोटोत बाटलीची तळरेषा दिसली पाहिजे.